नैरोबीच्या बाजारातली पत

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, एक लाखाला ‘लाकी’ आणि धनादेशाला चक्क ‘हुंडी’. कच्छ-काठियावाडातून आधी शिडाच्या गलबतांतून आणि पुढे आगबोटींतून तिकडे गेलेल्या व्यापाऱ्यांनी माल तर नेलाच, पण व्यवहाराचे शब्दही नेले. ते शब्द आज तेथील लोकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की ते बाहेरून आले आहेत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सांगलीच्या गणपती पेठेतील एका धान्य-किराणा पेढीची मुलगी पुण्यात व्यवस्थापनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेच्या अभ्यासदौऱ्यात बारा दिवस केनियात राहून ती परतली, तेव्हा तिच्या वहीच्या पहिल्या पानावर हीच शब्दांची यादी होती.

दौऱ्याचा विषय होता ‘उदयोन्मुख बाजारपेठेतील उद्योजकता’. बरोबरच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी नैरोबीतील नव्या तंत्रज्ञान-कंपन्या निवडल्या. तिने उधारी निवडली. त्याचे कारण घरात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर गणपती पेठेत शिरला, तेव्हा पेढीतील पोती भिजली, तशा कपाटाच्या खालच्या कप्प्यातील खतावण्याही भिजून त्यांचा लगदा झाला. मालाचे नुकसान मोजता आले. येणे मात्र मोजता येईना. वडिलांनी, म्हणजे घरातल्या सर्वांच्या अण्णांनी, पुढचे दोन महिने आठवेल तसे एकेक नाव आणि आकडा कागदावर उतरवला. काही किरकोळ दुकानदार आपण होऊन आले आणि आपली बाकी सांगून गेले. काहींनी विषयच काढला नाही. तेव्हापासून त्या घरात एक वाद चालू आहे: उधारी पूर्ण बंद करून रोखीवर यावे, की सगळे संगणकावर घालून बँकेच्या भरवशावर चालावे, की पेढीच आवरती घ्यावी. थोरला मुलगा बंगळुरूला नोकरीत रमला आहे आणि परत येण्याचे नाव काढत नाही. त्यामुळे हा प्रश्न आपोआप धाकटीच्या दारी आला. माल आणि वही दोन्ही गेल्यावर व्यापाऱ्याजवळ काय उरते, हे तिला पाहायचे होते.

त्यासाठी नैरोबीतील गिकोंबा या बाजारासारखी दुसरी शाळा नाही. नैरोबी नदीच्या काठाने पसरलेला हा बाजार जुन्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. युरोप, अमेरिका आणि चीनमधून आलेल्या वापरलेल्या कपड्यांना तेथे ‘मितुंबा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ गठ्ठे. साधारण ४५ किलोंचा एक गठ्ठा दाबून बांधलेला येतो आणि विकत घेणाऱ्याला तो उघडून पाहता येत नाही. आत नवेकोरे वाटावेत असे सदरे निघतील की नुसत्या चिंध्या, हे पैसे मोजल्यानंतरच कळते. गठ्ठ्याला पुरेल एवढे भांडवल अनेकींजवळ नसते. मग तिघी-चौघी मिळून तो घेतात आणि जागेवरच वाटून घेतात. वरून हा बाजार वारंवार आगीच्या भक्ष्यस्थानी पडतो, पावसाळ्यात नदीचे पाणीही शिरते. पत्र्याच्या आणि लाकडाच्या त्या गाळ्यांना विमा कोण देणार? ‘बिमा’ हा शब्द भाषेत आहे, पण बहुतेकांच्या व्यवहारात नाही. तरीही आगीनंतर थोड्याच दिवसांत त्याच राखेच्या जागी पुन्हा खांब उभे राहतात आणि विक्री सुरू होते.

हे ज्याच्या बळावर होते त्याला तेथे ‘चामा’ म्हणतात. आपल्याकडची भिशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चामा समजावून सांगण्याची गरज नाही. दहा-वीस जणी आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करतात आणि पाळीपाळीने एकीच्या हाती देतात. उशिरा येणारीला दंड असतो. काही चामांमध्ये गोळा झालेले पैसे टेबलावर मांडून तेथल्या तेथे सभासदांना कर्जाऊ दिले जातात. त्या रात्री पेटीत पैसा राहतच नाही, म्हणून चोरीचीही भीती नाही. दुकान जळलेल्या बाईची पाळी पुढे घ्यायची, हा निर्णय घ्यायला कोणत्या कागदाची गरज पडत नाही. तिची वर्तणूक इतर सगळ्यांना ठाऊक असते. सांगलीच्या मुलीने वहीत येथे एकच शब्द लिहिला होता: पत.

केनियात शेतीबाहेर काम करणाऱ्या दर पाच माणसांपैकी चार अशा अनौपचारिक क्षेत्रात आहेत. या क्षेत्राला ‘जुआ काली’ असे नाव आहे. अर्थ, कडक ऊन. डोक्यावर छप्पर नसताना उन्हात बसून काम करणाऱ्या कारागिरांवरून ते पडले. कामुकुंजी भागात शेकडो कारागीर जुन्या पिंपांचा पत्रा सरळ करून त्यातून पातेली, ढकलगाड्या, वसतिगृहात जाणाऱ्या मुलांच्या पेट्या आणि कोळशाच्या शेगड्या बनवतात. हातोड्यांचा तो आवाज कासारांच्या आळीची आठवण करून देणारा आहे. तेथील शेगडीची कथा मोठी उद्बोधक आहे. १९८० च्या दशकात थायलंडच्या शेगडीवरून सुचलेली, आतून भाजक्या मातीचे अस्तर आणि बाहेरून पत्रा अशी, मधे कंबर असलेली शेगडी केनियात घडवली गेली. कोळसा पुष्कळ वाचतो, म्हणून ती घराघरांत गेली. मोठा कारखाना निघाला नाही. पत्र्याचे काम एकाने, मातीचे दुसऱ्याने, जोडणी तिसऱ्याने, असे करत हजारो कारागिरांनी तिचा धंदा वाटून घेतला.

दौऱ्यातील विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त कुतूहल होते ते अर्थातच ‘एम-पेसा’चे. ६ मार्च २००७ रोजी सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने ही सेवा सुरू केली. तिचा जन्म मात्र एका वेगळ्याच हेतूने झाला होता. २००५ मध्ये काहीशे ग्राहकांवर जो प्रयोग झाला, तो लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत यासाठी होता. ग्राहकांनी हप्ते भरले, पण त्याबरोबर ते एकमेकांना पैसेही पाठवू लागले. कंपनीने आपला हट्ट न धरता ग्राहकाची वाट धरली आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्याच एका वाक्यावर सेवा बाजारात आणली. शहरात कमावणारा नवरा आणि गावात राहणारे कुटुंब ही तेथील घरोघरची स्थिती. त्याआधी हे पैसे बसचालकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवले जात. व्यापाऱ्याने येथे थांबून विचार करावा असे हे उदाहरण आहे. गिऱ्हाईक माल कशासाठी नेते हे विक्रेत्यापेक्षा गिऱ्हाइकालाच अधिक कळते.

सेवेचा कणा म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावरचा एजंट. तो बहुधा किराणा दुकानदारच असतो. त्याच्याजवळ पैशाचे दोन हौद असतात: गल्ल्यातील रोकड आणि फोनमधील शिल्लक. कोणी रोकड भरली की गल्ला वाढतो आणि फोनमधील शिल्लक घटते. कोणी काढली की उलट. दोन्हींपैकी एक जरी आटला तरी गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. पगाराच्या दिवसांत शहरातल्या एजंटाकडे रोकड साचते, तर गावातल्या एजंटाची संपते, आणि मग मोटारसायकलवरून बँकेच्या फेऱ्या सुरू होतात. त्याचे उत्पन्न प्रत्येक व्यवहारामागच्या कमिशनवर, म्हणजे खरी कमाई हौद समतोल राखण्याची. ग्राहकाला पैसे भरताना काही द्यावे लागत नाही, पाठवताना आणि काढताना मात्र शुल्क लागते. आपल्याकडील यूपीआय बँक खात्यातून बँक खात्यात आणि ग्राहकाला विनाशुल्क चालते. एम-पेसामागे बँक खाते असण्याची अटच नाही. व्होडाफोनने २०१३ मध्ये हीच सेवा याच नावाने भारतात आणली होती. ती २०१९ मध्ये बंद झाली. येथे नियम बँकांच्या बाजूचे होते, एकाच कंपनीचे तसे वर्चस्व नव्हते आणि तोपर्यंत यूपीआय येऊन पोचले होते. एका भूमीत फोफावलेले रोप दुसरीकडे लावले की लागतेच असे नाही.

एम-पेसाचा उपकार लहान नाही. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीवरून व्यापार-व्यवसायाकडे वळल्या. आजारपण, दुष्काळ, मृत्यू अशा प्रसंगी दूरच्या नातलगांकडून तातडीने मदत पोचू लागली, हे त्याचे एक कारण.

पण पैसा फोनमध्ये आला, तशी त्यामागोमाग पतही फोनमध्ये आली. २०१२ मध्ये ‘एम-श्वारी’ ही बचत आणि कर्जाची जोडसेवा निघाली. तीस दिवसांचे कर्ज, त्यावर साडेसात टक्के शुल्क. तो आकडा ऐकून वर्गातील बाकीचे पुढे सरकले. पेढीवर वाढलेल्या मुलीने लगेच बाराने गुणले. सालीना नव्वद टक्के! त्यानंतर आलेल्या कर्जाच्या अनेक ॲपांनी तर फोनमधील संपर्कांची यादीच मागून घेतली आणि हप्ता थकला की कर्जदाराच्या नातलगांना, मित्रांना, कामाच्या ठिकाणी फोन करून त्याची अब्रू काढली. अखेर २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२२ च्या नियमांनी अशा कर्जसंस्थांना केनियाच्या मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा झाला. असली बदनामी करण्यास बंदी आली. चामातही थकबाकी सर्वांना कळते, पण तेथे कळणारे आणि मदत करणारे लोक तेच असतात. ॲपला फक्त कळते.

याच संदर्भात ‘एम-कोपा’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘कोपा’ म्हणजे उधार घेणे. घरावर लावायचा लहान सौर संच सुरुवातीची रक्कम भरून न्यायचा आणि पुढे वर्षभर रोज चाळीस-पन्नास शिलिंग मोबाइलवरून भरायचे. रॉकेलच्या चिमणीला रोज जेवढा खर्च येई, त्याच हिशेबाने हा हप्ता बसवलेला. पैसे थांबले की संचातील सिमकार्डावरून दिवा दुरूनच बंद होतो. भरले की पुन्हा लागतो. जप्ती नाही, शिवीगाळ नाही. तरी घरात अंधार होतोच, आणि तो ज्याने केला तो समोर दिसत नाही. स्वाहिलीत एक म्हण आहे: उधार घेणे म्हणजे लग्नघर, फेडणे म्हणजे सुतक. आपल्या दुकानांतल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचीच ती बहीण.

नैरोबीच्या गरीब वस्त्यांत तेल, साखर, पीठ सारे अगदी थोडे-थोडे विकले जाते. ‘कादोगो’ म्हणजे लहानसे. या साऱ्या व्यापाराला तेच नाव आहे. मका मोजायला तेथे ‘गोरोगोरो’ नावाचा डबा असतो. तो म्हणजे वनस्पती तुपाचा दोन किलोंचा रिकामा डबा. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही आपली मापे जशी वजनाची नसून भरून मोजण्याची, तसाच हा गोरोगोरो. डब्याचा तळ बाहेरून ठोकून वर उचलला की प्रत्येक मापामागे मूठभर मका दुकानदाराचा होतो, ही लबाडी तेथील सर्व बायकांना ठाऊक आहे. त्या डबा हातात घेऊन आधी तळ चाचपतात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे खोटी वजन-मापे वापरणे याची गणना आहे, हे पाठशाळेत पाठ केलेले असते. त्याचा अर्थ या मुलीला तळ चाचपणाऱ्या त्या बोटांनी सांगितला.

‘किंबो’ हा त्या डब्यांवरचा जुना परिचित छाप. तो मूळचा युनिलिव्हरचा. पुढे बिडको या कंपनीने घेतला. भीमजी देपार शाह यांनी १९७० मध्ये न्येरी गावी तयार कपड्यांपासून सुरुवात केली, १९८५ मध्ये साबण, १९९१ मध्ये थिका येथे खाद्यतेल. हे कुटुंब हालारी विसा ओसवाळ जैन समाजातले. जामनगर भागातील बावन्न गावांतून या समाजाचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, छप्पनच्या दुष्काळाच्या सुमारास, पूर्व आफ्रिकेत जाऊ लागले. शेतकऱ्यांची ही मुले. मोंबासाहून आत जाणारा लोहमार्ग तेव्हा घातला जात होता. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी, मग त्याच्याकडूनच उधारीवर माल घेऊन आडवळणाच्या गावी स्वतःचे ‘दुका’, अशी बहुतेकांची चढण होती. तेव्हाही भांडवल म्हणजे पतच होते.

मग हे दुकानदार कारखानदार कसे झाले? त्याचे उत्तर अभिमानापेक्षा कायद्यात अधिक आहे. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. १९६७ च्या व्यापार परवाना कायद्याने नागरिकत्व न घेतलेल्यांना ठरावीक भागांबाहेर आणि ठरावीक मालाचा व्यापार करण्यास बंदी केली. हजारो भारतीय कुटुंबे ब्रिटनला गेली. जी नागरिक होऊन राहिली, त्यांतील अनेकांनी खेड्यातील दुकाने सोडून उत्पादनात पैसा घातला. या कायद्यामागे राग होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. पिढ्यान्पिढ्या गल्ल्याच्या एका बाजूला एक समाज आणि दुसऱ्या बाजूला दुसरा राहिला, तर मापातली खोट नसली तरी मनातली अढी वाढते. शाळा, दवाखाने, दुष्काळातील अन्नदान यांतून ती पुष्कळ कमी झाली. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

त्याच वर्षी त्याच समाजातील एका मोठ्या पेढीचा डोलारा कोसळत होता. ‘नाकुमाट’ हे नाव ‘नाकुरू मॅट्रेस’ यावरून आलेले. नाकुरू गावी गाद्या विकणाऱ्या एका शाह कुटुंबाने वाढवलेले सुपरमार्केट. ऐन भरात चार देशांत मिळून त्याची ६० हून अधिक दुकाने होती. विस्तार कर्जावर आणि पुरवठादारांच्या पैशावर झाला. माल आज घ्यायचा, विकून रोकड करायची, पुरवठादाराला मात्र दोन-तीन महिन्यांनी द्यायचे, आणि ती रोकड नव्या दुकानात गुंतवायची. हे चक्र जोवर फिरते तोवर कोणी विचारत नाही. फिरेनासे झाले तेव्हा देणी ३० अब्ज शिलिंगांहून अधिक निघाली. २०१८ च्या जानेवारीत कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली आणि २०२० मध्ये घेणेकऱ्यांनी ती गुंडाळण्याच्या बाजूने मत दिले. बँकांजवळ निदान तारण असते. लोणची-मसाले, भाजी, पाव पुरवणाऱ्या लहानग्यांजवळ काय होते? फक्त बिले. आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचा नियम कागदावर आहे. तो मागणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल का, हा प्रश्न मात्र कोणत्याही देशात सारखाच.

नैरोबीतील एका ओसवाळ कुटुंबाने या विद्यार्थिनीची जेवणाची सोय आनंदाने केली. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे बारा महिने सूर्यास्त साडेसहाच्या आसपास, त्यामुळे रात्रिभोजन-त्यागाला ऋतूंची अडचण नाही. स्वाहिली लोक तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘पहिला तास’; त्यापायी एका भाजीवालीशी ठरलेली भेट हुकलीही. मोंबासाला १९६३ मध्ये उभारलेल्या शिखरबंद जिनमंदिराचे दर्शन झाले. श्वेतांबर देरासरात दिगंबर घरातील मुलीचे स्वागत ज्या मोकळेपणाने झाले, त्याचे तिला विशेष वाटले. परदेशात पंथांच्या भिंती आपोआप ठेंगण्या होतात.

परतल्यावर तिने प्रकल्प संस्थेत सादर केला. अण्णांपुढे मात्र तिने अहवाल न ठेवता पेढीची चालू खतावणी उघडली आणि पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर पेढी किती व्याज सोडते याचा हिशेब मांडला. रक्कम बरीच मोठी निघाली. अण्णांनी ती शांतपणे पाहिली आणि ती उधारी बंद केली तर किती दुकानदार सुटतील, हा दुसरा हिशेब तिला करायला लावला. तो आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. पेढी संगणकावर जावी यावर दोघांचे एकमत झाले; ॲपवाल्या कर्जकंपनीशी जोडून घेण्याचा तिचा प्रस्ताव त्यांनी फेटाळला. ठरले ते एवढेच: प्रत्येक उधारीची नोंद त्याच दिवशी दुकानदाराच्या फोनवर जायची, रक्कम आणि तारखेसह, म्हणजे वही दोन ठिकाणी राहील. थकबाकीचा संदेश त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही जाता कामा नये, ही अण्णांची अट. पेढी पुढे कोण चालवणार, हे अजून ठरलेले नाही. दिवाळी पाडव्यापासून तीस दुकानदारांवर हा प्रयोग सुरू झाला. पहिल्याच पंधरवड्यात तासगावकडच्या एका दुकानदाराचा उलट संदेश आला: पेढीने लावलेल्या बाकीत काही रक्कम कमी आहे, हळदीचे एक पोते लिहायचे राहिले असावे. पाहिले, तर खरोखरच राहिले होते.